उशीर कुठे होतो?

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत डोळे तपासण्याचं काम काही वर्षं केलं की रोगांच्या नावांचं अप्रूप उरत नाही. नावं मोजकीच आहेत. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा, बुबुळावर पडलेलं फूल, वडस. आणि यांतलं काहीही नसताना केवळ चष्म्यावाचून अडलेला माणूस. यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत आणि ते महाडपासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात मिळतातही. तरी खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘कधीपासून दिसत नाही?’ असं विचारलं तर उत्तर महिन्यांत क्वचित येतं, वर्षांत येतं. या भागात माणसाची नजर जाते ती बहुतेक वेळा या मधल्या वर्षांत, असं माझं मत कामातून बनत गेलं आहे. लोक अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत, म्हणून उशीर होतो, हे स्पष्टीकरण आम्हा आरोग्यखात्याच्या माणसांना सोयीचं असतं. पण उशिराची कारणं जवळून पाहिली तर ती पावसात, शेतीत, एसटीच्या वेळापत्रकात आणि मुंबईच्या नोकरीत सापडतात. काही तर वैद्यकीय लोकांनीच एके काळी दिलेल्या सल्ल्यात सापडतात. कारणं तिथे असतील तर वर्षातून एकदा भरणारं शिबिर त्यावर पुरं पडणार नाही. त्याला बारा महिने उघडी असलेली, मिनीडोर रिक्षाने गाठता येईल अशी साधी तपासणीची जागाच हवी.

आकडे देशाचे आहेत, पण ते इथे बेतून पाहता येतात. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशी गाठलेल्या आणि ओलांडलेल्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं. त्यातलं ६६.२ टक्के निव्वळ मोतीबिंदूचं, म्हणजे तासाभराच्या आत उरकणाऱ्या शस्त्रक्रियेने परत मिळू शकणाऱ्या नजरेचं. २०११च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती. त्यात पन्नाशीपुढची दहा हजार माणसं धरली, तर राष्ट्रीय प्रमाणाने दोनशे अंध आणि त्यातले सव्वाशे-दीडशे मोतीबिंदूचे. एवढ्या शस्त्रक्रिया हा रायगड जिल्ह्याच्या दृष्टीने फार मोठा भार नव्हे. क्षमता आहे, ऑपरेशन सरकारी व्यवस्थेत मोफत आहे, आणि तरीही माणूस घरात बसून आहे. शिवाय या हिशेबात सगळे आलेलेच नाहीत. सरकारी व्याख्येतली अंधत्वाची रेषा २०१७ मध्ये ६/६० वरून ३/६० वर आली. निरोगी नजरेला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर ज्याला सहा मीटरवरून दिसत नाही तो पूर्वी अंध गणला जाई. आता तेच अक्षर तीन मीटरवरूनही दिसलं नाही तरच तो अंध. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाशी जुळवून घेण्यासाठी केलेला हा बदल शास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे. मात्र या दोन रेषांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला कुडपण गावाची उतरण त्या दिवसापासून स्वच्छ दिसू लागली असं काही झालं नाही.

मोतीबिंदूच्या बाबतीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अजून पिकला नाही, पिकला की काढू.’ या वाक्याला हसण्याची आमच्यात पद्धत आहे. ती सोडून द्यावी, कारण हे वाक्य मुळात डॉक्टरांचं आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकत, पण त्याच्या जागी काहीच बसवत नसत. मग आयुष्यभर जाड, जड चष्मा. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचं दिसत नसे, आणि एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांच्या दोन मापांच्या प्रतिमांनी चालणं मुश्कील होई. अशा वेळी आहे ती नजर त्या चष्म्याच्या नजरेपेक्षा वाईट होईपर्यंत थांबा, हा सल्ला शहाणपणाचाच होता. हॅरल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं खरं, पण ते भिंग खेड्यापर्यंत यायला चार दशकं लागली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू करून देशातच भिंगं बनवायला घेतली, तेव्हा ती गरिबाच्या आवाक्यात आली. शास्त्र बदललं. सासूने सुनेला सांगितलेली गोष्ट बदलायला पिढी जाते. आज थांबण्यात फायदा काही नाही, तोटा मात्र आहे. फार पिकलेलं भिंग कठीण होतं, शस्त्रक्रिया अवघड होते. काही डोळ्यांत ते फुगून डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट बुजवतं, दाब चढतो, डोळा लाल होऊन असह्य ठणकू लागतो, आणि मग ऑपरेशन उत्तम झालं तरी मागची नस वाचलेली असतेच असं नाही. ऑपरेशन कधी करायचं याचं आजचं उत्तर सोपं आहे: रोजच्या कामात अडायला लागलं की.

आता वेळापत्रकाचं पाहू. मृगाचा पाऊस सुरू झाला की शेताच्या बाहेर पाऊल पडत नाही, आणि लावणी संपेपर्यंत घाटाखालच्या गावांत पावसाचा जोर असा असतो की दवाखान्यासाठी बाहेर पडणं दूरच राहतं. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेलं, तळीये दरडीखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्यानंतर तर पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाने गाव सोडून जावं असं कुणी सुचवत नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. मग गणपती. मग भाताची कापणी, झोडणी, ती दिवाळीच्या आगेमागे. पुढे थंडी, हाच काय तो मोकळा काळ. पण त्याला लागूनच शिमगा आणि पालख्या येतात, आणि त्यानंतर ‘उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये’ हा समज आडवा येतो. डोळ्यावर पट्टी बांधून दिवसच्या दिवस उताणं पडून राहावं लागे त्या काळात घामाने जीव नकोसा होई, तेव्हाचा हा समज आहे. आज ऋतूचा आणि शस्त्रक्रियेचा काही संबंध नाही. तरी गोळाबेरीज अशी, की वर्षाच्या बारा महिन्यांतले दोन-अडीच महिनेच उरतात. त्या महिन्यांत घरी कुणी असलं पाहिजे. २०११च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त आढळल्या, त्याचं कारण इथे सर्वांना ठाऊक आहे: हात-पाय धड असलेला पुरुष मुंबईला आहे. ऑपरेशन फुकट असलं तरी तपासणी, शस्त्रक्रिया, नंतरची पट्टी आणि पुढचा चष्मा एवढ्या फेऱ्यांना सोबत लागते. सोबत म्हणजे मुलाची रजा, आणि रोजंदारीवरच्या मुलाला रजा म्हणजे बुडालेला रोज. राष्ट्रीय पाहणीत उपचार न घेण्याच्या कारणांत पुरुषांनी पैशांची अडचण सर्वांत आधी सांगितली, तर स्त्रियांच्या उत्तरांत घरची-गावची कारणं पैशाच्याही पुढे गेली. घरात चूल कोण बघणार, गुरं कोण सोडणार, हे प्रश्न रुग्णपत्रिकेवर लिहायला जागा नसते एवढंच.

काही उशीर तर आनंदाने होतो. साठीनंतर एखाद्याला अचानक चाळिशीशिवाय वाचता येऊ लागतं. घरात कौतुक होतं, जुनं खाणं-पिणं आठवून त्याला श्रेय दिलं जातं. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा दाट होऊ लागल्याने जवळचं दिसू लागलेलं असतं आणि लांबचं मागे पडत चाललेलं असतं. मोतीबिंदूची ती एक सुरुवात आहे. लांबचं न दिसणं लक्षात येत नाही, कारण गावात लांबून वाचायचं असतं काय? एसटीची पाटी, तीही ओळखीच्या वेळेच्या गाडीची. त्याउलट ज्यांना फक्त चाळिशी हवी आहे त्यांचं नुकसान मोजलंच जात नाही. तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, बँकेच्या पासबुकातला आकडा, मोबाइलवर आलेला ओटीपी, ही सगळी चाळिशीपुढच्या बाईची रोजची कामं. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांवर झालेला प्रोस्पर नावाचा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झाला. जवळचं दिसण्याचा साधा चष्मा मिळालेल्यांचं पानं खुडण्याचं काम चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २१.७ टक्क्यांनी वाढलं. कोणत्याही औषधाने मजुरीत एवढी भर पडल्याचं मला तरी माहीत नाही. यावर कुणी म्हणेल, चाळिशीचे तयार चष्मे बाजारात शे-दीडशे रुपयांत मिळतात, लोक घेतातही, त्याला तपासणी कशाला? तयार चष्म्याने डोळा बिघडतो हा समज खोटा आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर तो चष्मा चांगलं काम देतो. अडचण वेगळी आहे. चाळिशी लागण्याचं वय हेच काचबिंदू आणि मधुमेहाचा पडदा तपासण्याचं वय असतं, आणि आपण होऊन डोळे दाखवायला माणूस येतो तो बहुधा आयुष्यात या एकाच निमित्ताने. ते निमित्त जत्रेतल्या चष्म्यांच्या टोपलीने काढून घेतलं की तो माणूस पुढे थेट आंधळा होऊनच भेटतो.

काचबिंदूबद्दल इथे जरा थांबावं लागेल, कारण उशिराचा अर्थ त्यात सगळ्यात क्रूर आहे. मोतीबिंदूत दहा वर्षं गेली तरी बहुतेक वेळा नजर परत येते. काचबिंदूत गेलेली परत येत नाही. उपचार फक्त उरलेली राखतात. डोळ्यातला दाब डोळ्यामागच्या नसेला सोसवत नाही आणि तिचे तंतू मरत जातात. नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत राहतं, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसालाही काचबिंदू असू शकतो. शेताच्या बांधावर पाय घसरतो, बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही, दोष वयावर जातो. भारतात गावोगावी जाऊन केलेल्या पाहण्यांत आढळलेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी दहांतल्या नवांना तो आहे हेच माहीत नव्हतं. या आजाराचं निदान करायला दाब मोजावा लागतो, मागची नस पाहावी लागते. बॅटरी मारून बुबुळ पाहिल्याने तो सापडत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर आपल्याला होण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, म्हणजे एका रुग्णाच्या मागे अख्खं घर तपासायला हवं. आणि सापडल्यावर आयुष्यभर रोज थेंब घालायचे, ज्यांनी काहीच बरं वाटत नाही असे थेंब. महिन्याची बाटली संपली आणि पोलादपूरच्या दुकानात ती नसली, की वापर तिथेच थांबतो. याला हट्टीपणा म्हणता येत नाही. फायदा न दिसणाऱ्या औषधासाठी अर्धा दिवस घालवायला शहरातलेही फार कमी लोक तयार असतात.

मधुमेहाचं असंच. पन्नाशीपुढच्या मधुमेहींत डोळ्याचा पडदा बिघडल्याचं प्रमाण राष्ट्रीय पाहणीत १६.९ टक्के आढळलं. सुरुवातीला नजर उत्तम असते आणि उपचार नेमके तेव्हाच सगळ्यात उपयोगी असतात. धूसर दिसू लागल्यावर आलेल्या माणसाला लेझर, इंजेक्शनं, वारंवार फेऱ्या. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा असा नियम आहे. तो का पाळला जात नाही, याचं एक कारण कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही: एसटी. पडदा पाहायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळा दिपतो. सकाळच्या गाडीने आलेल्या एकट्या माणसाला दुपारची गाडी पकडायची असते, बोर्ड वाचायचा असतो, उतरल्यावर डोंगराची वाट चढायची असते. ‘थेंब नको, तसंच बघा’ या विनंतीमागे तो सगळा हिशेब असतो. आता थेंब न घालता पडद्याचा फोटो घेणारे कॅमेरे आहेत. मोतीबिंदू दाट असेल तर फोटो नीट येत नाही, पण बाकीच्यांचा येतो, आणि तो पनवेलला किंवा मुंबईला बसलेल्या तज्ज्ञाला त्याच दिवशी पाहता येतो. असा कॅमेरा रुग्णाच्या वाटेवर ठेवणं हा खर्चापेक्षा इच्छेचा प्रश्न आहे.

वरच्या सगळ्या आजारांत उशीर वर्षांचा असतो. एका प्रसंगात तो तासांचा असतो. भात कापताना पात्याने, झोडताना उडालेल्या कुसळाने बुबुळाला ओरखडा जातो. चार दिवस खुपतं आणि राहतं, असा बहुतेकांचा अनुभव, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण काहींच्या ओरखड्यात बुरशी शिरते. मग दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणले जातात. त्यांत स्टिरॉइड असेल तर दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. घरगुती उपायही असतातच: मध, एरंडेल, अंगावरचं दूध, जिभेने कण काढणं. शेवटी उरतं ते फूल, आणि फुलावर उपाय म्हणजे कुणाच्या तरी मरणोत्तर नेत्रदानाची वाट पाहणं. हे टाळता येतं, याचा पुरावा नेपाळात आहे. भक्तपूर इथल्या पाहणीत गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ओरखडा गेलेल्या डोळ्यांत तीन दिवस साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम घातलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४४२ पैकी ९६ टक्के डोळे संसर्गाविना बरे झाले, आणि ज्यांचे उपचार १८ तासांच्या आत सुरू झाले त्यांच्यापैकी एकाचंही बुबुळ चिघळलं नाही. अठरा तासांत अलिबाग नाही, पनवेल नाही. अठरा तासांत फक्त वाडीतली आशाताई. सुगीच्या दिवसांत तिच्या पेटीत ते मलम आणि ओरखडा ओळखण्याचं शिक्षण असायला हवं. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांसाठी आणि तंबाखूच्या चुन्याशी खेळणाऱ्या मुलांसाठी तर याहून साधा नियम आहे: रसायन किंवा चुना डोळ्यात गेला की आधी भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा, दवाखाना नंतर.

बारा महिने उघड्या तपासणीच्या जागेवरचा पहिला आक्षेप शिबिरांच्या बाजूने येतो, आणि तो आदराने ऐकायला हवा. महाराष्ट्रात हजारो म्हाताऱ्यांना नजर मिळाली ती शिबिरांमुळेच. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांचं काम ऐकून खेड्यातला माणूस ऑपरेशनला तयार झाला. शाळेच्या वर्गात आणि मांडवात होणाऱ्या शस्त्रक्रिया बंद होऊन रुग्णाला गाडीतून रुग्णालयात नेण्याची पद्धत आली, ही तर मोठी सुधारणा. मी शिबिरं बंद करा म्हणत नाही. त्यांची मर्यादा सांगतो. शिबिराची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते, ते बाजारपेठेत भरतं, आणि तिथे ज्याला कुणीतरी आणू शकतं तोच येतो. घरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात अंध बाई तिथे येत नाही. शिवाय शिबिर शोधतं मोतीबिंदू, कारण अहवालात ऑपरेशनांचा आकडा लागतो. दोन मिनिटांत एक डोळा या वेगात काचबिंदूची नस कोण पाहणार? ‘मोतीबिंदू नाही’ हे उत्तर घेऊन घरी गेलेला माणूस ‘डोळे ठीक आहेत’ असं समजतो आणि पुढची पाच वर्षं फिरकत नाही. तो उशीर तर शिबिरानेच पैदा केलेला असतो.

दुसरा आक्षेप गावाकडून येतो: ऑपरेशन करून डोळा गेलेलेही आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं ७.२ टक्के कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत हे होतं. पण ही गुंतागुंत उरते कुणात, हे पाहायला हवं. ऑपरेशननंतर डोळा दुखला, लाल झाला, नजर खाली आली, तर काही तासांत दाखवावं लागतं. ज्याला दाखवायला साठ-सत्तर मैल जायचं आहे तो सकाळपर्यंत थांबतो, सकाळी रविवार असतो. दुसरा प्रकार निरुपद्रवी, पण बदनामी करणारा: काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कृत्रिम भिंगाच्या मागची पातळ पिशवी धुरकट होते आणि पुन्हा अंधूक दिसू लागतं. ‘परत मोतीबिंदू आला, पैसे आणि डोळा दोन्ही गेलं’ असं गावभर होतं. वास्तविक बाह्यरुग्ण विभागात बसल्या बसल्या पाच-दहा मिनिटांच्या लेझरने ती साफ होते. दोन्ही बाबतींत कमी पडतो तो ऑपरेशननंतर जवळ डोळा पाहणारा माणूस.

तिसरा आक्षेप सरकारी भाषेत असतो: खेड्यात नेत्रतज्ज्ञ टिकत नाहीत. टिकत नाहीत हे खरं; पण मी सांगतो त्या कामाला नेत्रतज्ज्ञ रोज लागतच नाही. नंबर काढता येणारा, दाब मोजता येणारा, फोटो घेऊन पाठवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आणि मदुराईच्या अरविंदने अशी दृष्टिकेंद्रं वर्षानुवर्षं चालवून दाखवली आहेत. प्रसाद संस्थेचं माप पन्नास हजार लोकसंख्येला एक केंद्र असं आहे. त्या मापाने अख्ख्या पोलादपूर तालुक्याला एक केंद्र पुरेल, आणि २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या वर असलेल्या महाड तालुक्याला चार. आमच्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचं पद असतं, पण शाळा, शिबिरं, प्रमाणपत्रं आणि अहवाल यांतून त्या एका माणसाला खुर्चीवर किती दिवस मिळतात ते त्यालाच माहीत. तज्ज्ञाचं ज्ञान खाली उतरवता येतं की नाही, ही शंका तरी महाडच्या माणसाने घेऊ नये. विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी काम केलं ते याच मुलखात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून. लाल विंचवाच्या दंशाने शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण प्राझोसिन या स्वस्त गोळीने एका टक्क्याच्या जवळ आलं. जगभरच्या नियतकालिकांनी त्यांचं संशोधन छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण माणसं वाचली ती ही गोळी दंशाच्या जवळ, छोट्या दवाखान्यात दिली गेली म्हणून.

‘आता या वयात एवढं बघून करायचं काय?’ हा शेवटचा आक्षेप बहुधा रुग्णच घेतो, घरच्यांना त्रास नको म्हणून. त्याचं उत्तर भावनेत शिरून द्यायची गरज नाही. न दिसणारा म्हातारा पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग मुलाची जी रजा वाचवायची होती तिच्या दसपट रजा जाते. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी उलटसुलट घेतली जाते. डोळ्याचं ऑपरेशन हा म्हातारपणातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

तेव्हा मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्यांना एक काम सांगतो. घरातल्या थोरांना भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा पावलांवर बसवा. आधी उजवा डोळा तळहाताने झाकून मोठे आकडे वाचायला सांगा, मग डावा झाकून. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचं अंधत्व वर्षानुवर्षं लपून राहतं, म्हणून एकेक डोळा. एका डोळ्याने कमी दिसत असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा साखर असेल, तर मुंबईला परतण्याआधी त्यांना महाडला किंवा पोलादपूरला तपासणीला घेऊन या, आणि पहिल्याच दिवशी पुढच्या फेऱ्यांच्या तारखा विचारून घ्या, म्हणजे रजा मागता येईल. शिमग्यापर्यंत थांबू नका.